बहात्तर सालची नळी

शितावरून भाताची परीक्षा, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण झकास आहे, पण तिच्यात एक गृहीतक आहे. भात आपल्याच चुलीवर शिजतोय, आणि पहिलं शीत नीट बघायचं राहिलं तर दुसरं उचलता येतं. आता समजा, पातेलं ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, तिथे जायला एका देशाच्या तिजोरीला भोक पडतं, आणि शीत उचलणारा माणूस आयुष्यात एकदाच तिथे जाणार आहे. मग त्या शिताचं काय करायचं? लगेच चिरडून बघायचं, की थोडं राखून ठेवायचं?

या विकांताचा विषय हाच. दुसऱ्या ग्रह-उपग्रहांवरची दगडमाती पृथ्वीवर आणणे आणि ती तपासणे. यानं, रॉकेटं, झेंडे यावर सगळीकडे भरपूर लिहून झालंय. मला जास्त मजा वाटते ती आणलेल्या मातीचं पुढे काय झालं यात. आणि गंमत म्हणजे ही गोष्ट १९६९ मध्ये सुरू झाली असली तरी तिची चांगली प्रकरणं २००८ नंतरची आहेत.

(चंद्रावर माणूस गेलाच नव्हता असं मानणाऱ्यांनी इथेच रजा घ्यावी. पुढे तुम्हाला फार त्रास होईल.)

एक चंद्र, दोन गिऱ्हाइकं

२१ जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर होते हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वेळी चंद्राभोवती एक रशियन यान फिरत होतं हे फार कमी जणांना माहीत असतं. त्याचं नाव ल्युना-१५. अपोलो-११ निघालं १६ जुलैला, हे निघालं होतं १३ जुलैला. त्यात माणूस नव्हता. उतरायचं, थोडी माती उचलायची आणि अमेरिकनांच्या आधी घरी पोचायचं असा बेत होता. दोन यानं एकमेकांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून अमेरिकन अंतराळवीर फ्रँक बोरमनने थेट मॉस्कोकडे चौकशी केली, आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियनांनी आपल्या यानाची कक्षा कळवलीसुद्धा!

आर्मस्ट्राँग-ऑल्ड्रिन अजून चंद्रावरच होते, परतीच्या उड्डाणाला थोडाच वेळ उरला होता, तेव्हा ल्युना-१५ खाली यायला लागलं आणि 'मेअर क्रिसियम' नावाच्या मैदानात आदळलं. इंग्लंडमधली जॉड्रेल बँकची रेडिओ दुर्बीण त्याचे संदेश ऐकत होती. ते एकदम बंद पडले. शर्यत संपली.

इकडे आर्मस्ट्राँगने खाली पाय ठेवल्यावर थोड्याच वेळात काय केलं असेल? दांड्याला लावलेल्या पिशवीत माती भरली आणि ती मांडीवरच्या खिशात टाकली. याला म्हणायचे 'कंटिंजन्सी सँपल'. काही बिनसलं, पळत परत यानात चढावं लागलं, तर निदान हात हलवत तरी यायला नको. आपण प्रोजेक्टमध्ये आधी एक चालणारं व्हर्जन बाजूला ठेवून मग पुढचे प्रयोग करतो ना, तसंच.

पुढे फेरी संपत आली तेव्हा दगडांच्या पेटीत बरीच जागा रिकामी दिसत होती. आर्मस्ट्राँगने आणखी काही फावडी माती त्यात ओतली. ही माती पुढे १००८४ या क्रमांकाने ओळखली गेली, आणि चंद्रावरच्या सगळ्या नमुन्यांमध्ये सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्यांपैकी ती एक ठरली.

झुरळांना चंद्र खाऊ घालणे

अपोलो-११ ने साडेएकवीस किलो माल आणला. तो ह्यूस्टनला खास बांधलेल्या प्रयोगशाळेत गेला आणि तिघे अंतराळवीरही तिथेच विलगीकरणात गेले. चंद्रावर जंतू असतील तर? (२०२० नंतर आपल्याला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही.) उंदीर, झुरळं, लावे, कालवं अशा सगळ्या मंडळींना चंद्राची धूळ टोचून किंवा चारून बघितली. कुणाला काही झालं नाही. अपोलो-१४ नंतर ते विलगीकरण बंद केलं.

आता जॉन वुड या शास्त्रज्ञाची गोष्ट ऐका. त्याच्या वाट्याला अपोलो-११ ची थोडीशी माती आली. चंद्रावरची ती मैदानं काळ्या बेसाल्टची, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दगडाचीच लांबची भावंडं. पण त्या काळ्या चुऱ्यात वुडच्या टीमला मधूनमधून पांढरे कण दिसले. तपासले तर ते अ‍ॅनॉर्थोसाइट नावाच्या खडकाचे निघाले. हे इथले नाहीत, दूरच्या डोंगराळ भागातून उल्कापातामुळे उडून आलेले असणार, असा त्याने अंदाज बांधला. म्हणजे चंद्राचे पांढरे डोंगर या खडकाचे. आणि हा खडक वितळलेल्या रसावर तरंगून वर येतो. म्हणजे एके काळी अख्खा चंद्रच बाहेरून वितळलेला होता, लाव्हाचा समुद्रच!

जानेवारी १९७० मध्ये ह्यूस्टनच्या परिषदेत त्याने हे मांडलं. शिकागोच्या जोसेफ स्मिथचा गटही स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. आज चंद्राच्या जन्मकथेचा हा पाया मानला जातो. काही पांढऱ्या खड्यांवरून अख्ख्या चंद्राची कुंडली. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही.

कुलाब्याला आलेला चंद्र

हा भाग मला फार आवडतो, कारण तो आपल्या मुंबईतला आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अपोलोच्या काही नमुन्यांचा अभ्यास कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये झाला. देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी (त्यात पुढे चांद्रयान-१ च्या विज्ञानाशी जोडले गेलेले नरेंद्र भंडारीही होते) विश्वकिरणांचे अभ्यासक. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे अणुकेंद्रकांचे कण. पृथ्वीवर हवेचं पांघरूण आहे, चंद्र मात्र उघडा पडलेला. लोखंडासारखी जड केंद्रकं त्याच्या दगडात शिरतात तेव्हा स्फटिकात एक सूक्ष्म जखम करून जातात. ती जखम लाखो वर्षं तशीच राहते.

दगडाची पातळ चकती घ्यायची, योग्य रसायनात बुडवायची. जखम झालेला भाग आधी विरघळतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेघा दिसायला लागतात. ही युक्ती फ्लायशर, प्राइस आणि वॉकर या अमेरिकन त्रिकुटाने शोधली होती. लालांच्या गटाने ती वापरून मातीच्या कणांचं चरित्र वाचायला सुरुवात केली. रेघा मोजायच्या, वरून आत किती खोलीपर्यंत त्या कमी होत जातात ते बघायचं. यावरून तो कण उघड्यावर किती काळ पडला होता आणि किती काळ गाडला गेला होता याचा हिशोब लागतो. निष्कर्ष असा की चंद्राची माती निपचित पडलेली नाही. लहान-मोठ्या उल्का ती सतत वरखाली करतायत, शेतकऱ्याने नांगरावं तशी, फक्त नांगरणीचा हंगाम कोट्यवधी वर्षांचा.

पुढे १९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या पीआरएलचे संचालक झाले आणि हे काम तिकडे रुजलं. मला यात कौतुक वाटतं ते एका गोष्टीचं. आपल्याकडे तेव्हा चंद्रावर जायची ऐपत तर सोडाच, स्वतःचा एक उपग्रहही नव्हता (आर्यभट्ट गेला १९७५ मध्ये). पण माती घरी आलेली होती, आणि चांगला प्रश्न व चांगला सूक्ष्मदर्शक असलेल्या माणसाला ती मागता येत होती. चंद्रावर फक्त यंत्र ठेवून आकडे घेतले असते तर हे झालं नसतं.

रशियनांची मूठभर माती

ल्युना-१५ आपटलं म्हणून रशियन थांबले नाहीत. सप्टेंबर १९७० मध्ये ल्युना-१६ चंद्रावर उतरलं, त्याने सुमारे ३५ सेंटिमीटर खोल ड्रिल केलं आणि २४ सप्टेंबरला १०१ ग्रॅम माती कझाकस्तानात आणून टाकली. माणसाशिवाय, नुसत्या यंत्राने दुसऱ्या गोलावरून माती आणायची ही पहिली वेळ. १९७२ मध्ये ल्युना-२० आणि ऑगस्ट १९७६ मध्ये ल्युना-२४ याच मार्गाने गेले. ल्युना-२४ ने जवळपास दोन मीटर खोलीचा नमुना काढला, १७० ग्रॅम. तिन्ही मिळून जेमतेम तीनशे ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेने सहा मोहिमांत आणली ३८२ किलो. वजनात तुलनाच नाही, पण १९७०च्या कॉम्प्युटरवर हे जमवणं म्हणजे काय, याचा विचार कोड लिहिणाऱ्याने तरी एकदा करावा.

१९७१ मध्ये दोन्ही देशांनी काही ग्रॅम मातीची अदलाबदलही केली. आणि किंमत म्हणाल तर ल्युना-१६ चे तीन कण २०१८ च्या लिलावात ८ लाख ५५ हजार डॉलरला गेले. एकूण वजन सुमारे ०.२ ग्रॅम. पुण्यातले फ्लॅट स्वस्त वाटायला लागतात.

पाणी होतं, दिसत नव्हतं

आता मूळ मुद्दा. अपोलोनंतर जवळजवळ चाळीस वर्षं पाठ्यपुस्तकात एक वाक्य होतं: चंद्र ठणठणीत कोरडा आहे. हे वाक्य कुणी हवेत सोडलेलं नव्हतं. दगड तपासले होते, पाणी सापडलं नव्हतं.

म्हणजे अगदीच सापडलं नव्हतं असंही नाही. अपोलो-१६ ने आणलेल्या एका दगडावर चक्क गंज होता. पण नमुन्यांच्या पेट्या नीट बंद झालेल्या नसायच्या, धूळ अडकून सील गळायचं. त्यामुळे हा गंज ह्यूस्टनच्या दमट हवेचा असं ठरलं. १९७८ मध्ये मॉस्कोच्या वेर्नाद्स्की संस्थेतल्या तिघांनी ल्युना-२४ च्या मातीत सुमारे ०.१ टक्का पाणी दिसतंय असं लिहिलं. रशियन नियतकालिक, शीतयुद्धाचा काळ, बाहेर कुणी फारशी दखल घेतली नाही. जुने शास्त्रज्ञ बेपर्वा होते असं मुळीच नाही. पृथ्वीवर पाणी सगळीकडे आहे, तेव्हा नमुन्यात पाणी दिसलं तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा, हा नियम योग्यच होता. अडचण एवढीच होती की पृथ्वीचं पाणी आणि चंद्राचं पाणी वेगळं काढायला लागणारं बारीक यंत्र तेव्हा नव्हतं.

ते पुढे आलं. जुलै २००८ मध्ये ब्राऊन विद्यापीठाचे अल्बर्टो साल आणि कार्नेगी संस्थेचे एरिक हौरी यांच्या गटाने अपोलो-१५ आणि अपोलो-१७ ने आणलेले काचेचे मणी तपासले. मणी म्हणजे चंद्रावर अब्जावधी वर्षांपूर्वी लाव्हाची कारंजी उडाली, तेव्हा थिजलेले थेंब. टाचणीच्या डोक्याहून लहान. हौरींच्या यंत्राने आयनांचा झोत टाकून मण्याचा कण अन् कण वेगळा मोजता येत होता. त्यांना पाणी मिळालं, दहा लाखांत ४६ भागांपर्यंत. आकडा किरकोळ वाटतो, पण खरा पुरावा आकड्यात नव्हता. पाणी मण्याच्या मध्यभागी जास्त आणि कडेकडे कमी होतं. ह्यूस्टनची दमट हवा लागली असती तर बरोब्बर उलटं दिसलं असतं! बाहेरून भिजलेली वस्तू बाहेरून ओली असते. हे पाणी आतून बाहेर जात होतं, म्हणजे ते लाव्हाबरोबर चंद्राच्या पोटातून आलं होतं.

तीनच महिन्यांनी, २२ ऑक्टोबर २००८ ला श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-१ निघालं. त्यावरच्या 'एम-थ्री' या नासाच्या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा दाखवल्या, आणि सप्टेंबर २००९ मध्ये कार्ले पीटर्स यांच्या गटाने ते जाहीर केलं. पीटर्सबाईही ब्राऊन विद्यापीठाच्याच. म्हणजे एका बाजूला भारतीय यानावरून घेतलेली नवी नजर, दुसऱ्या बाजूला कपाटातले जुने मणी. कोरड्या चंद्राचं वाक्य दोन्ही बाजूंनी मोडलं.

इथे एक क्षण थांबा. मणी १९७१-७२ मध्ये आणलेले. उत्तर २००८ मध्ये मिळालं. मधली छत्तीस वर्षं ते उत्तर ह्यूस्टनच्या कपाटात होतं, फक्त विचारणारं यंत्र जन्माला यायचं होतं.

आणि जिथे माती आणलीच नाही

आता उलटं उदाहरण. १९७६ मध्ये व्हायकिंग-१ आणि व्हायकिंग-२ मंगळावर उतरली. माती परत आणणं शक्य नव्हतं, म्हणून प्रयोगशाळाच तिकडे नेली. गिल्बर्ट लेविन यांच्या प्रयोगात मातीवर पोषक द्रवाचे थेंब टाकले. त्या द्रवातला कार्बन किरणोत्सारी होता. जंतू असतील तर ते खातील आणि किरणोत्सारी वायू बाहेर येईल. वायू आला! माती आधी तापवून मग तोच प्रयोग केला तर आला नाही. जंतू मेल्यावर व्हावं अगदी तसं.

पण शेजारच्याच दुसऱ्या उपकरणाने माती ५०० अंशांपर्यंत तापवून सेंद्रिय पदार्थ शोधले आणि त्याला मंगळाचं म्हणावं असं काही मिळालं नाही. थोडी क्लोरीनयुक्त संयुगं दिसली, ती पृथ्वीवरून गेलेल्या सफाईच्या रसायनांची असं ठरवलं. सेंद्रिय पदार्थच नाहीत तर जीव कुठून? बहुतेकांनी फाइल बंद केली.

२००८ मध्ये फीनिक्स यानाला मंगळाच्या मातीत पर्क्लोरेट नावाचं क्षार सापडलं. तापवलं की हे क्षार सेंद्रिय पदार्थ जाळून टाकतं, आणि क्लोरीनयुक्त संयुगं मागे ठेवतं. म्हणजे व्हायकिंगने जे शोधायचं तेच शोधता शोधता जाळलं असण्याची दाट शक्यता. पुढे क्युरिऑसिटीला मंगळावर सेंद्रिय रेणू मिळालेही. याने मंगळावर जीव होते असं सिद्ध होत नाही, बहुतेक शास्त्रज्ञ आजही लेविन यांचा वायू निव्वळ रासायनिक क्रियेचा मानतात. लेविन २०२१ मध्ये वारले, शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम होते. पण वाद मिटवायचा तर तीच माती पुन्हा तपासायला हवी, आणि ती कुठे आहे? मंगळावर, बंद पडलेल्या डब्यात, जळून.

आमच्या धंद्यात याला ओळखीचं नाव आहे. एका क्लायंटकडे जागा वाचवायला मूळ लॉग उडवून फक्त महिन्याचे रिपोर्ट ठेवायची पद्धत होती. रिपोर्ट देखणे असायचे. एक दिवस ऑडिटरने असा प्रश्न विचारला की जो रिपोर्ट बनवणाऱ्याच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. झालं! रिपोर्ट फक्त आधी सुचलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो, मूळ डेटा न सुचलेल्यांचीही देतो. व्हायकिंगने रिपोर्ट पाठवला. अपोलोने मूळ डेटा आणला.

न उघडलेली नळी

आता शीर्षकातली नळी. डिसेंबर १९७२, अपोलो-१७. जीन सर्नन आणि हॅरिसन श्मिट. श्मिट हा चंद्रावर गेलेला एकमेव व्यावसायिक भूवैज्ञानिक. त्यांनी टॉरस-लिट्रो दरीत, एका जुन्या दरड कोसळलेल्या जागी, दोन जोडलेल्या नळ्या हातोड्याने जमिनीत ठोकल्या. खालची नळी बाहेर काढल्यावर चंद्रावरच, तिथल्या निर्वातातच, एका डब्यात सीलबंद केली. खोलवरची माती थंड असते, तिच्यात काही वायू अडकलेले असतील तर ते निसटू नयेत म्हणून. ह्यूस्टनला आल्यावर तो डबा आणखी एका निर्वात डब्यात ठेवला. क्रमांक ७३००१. आणि उघडला नाही.

लक्षात घ्या, अपोलो-१८, १९ आणि २० या मोहिमा १९७० मध्येच रद्द झालेल्या होत्या. पुन्हा यायचं नाही हे सर्नन-श्मिटला माहीत होतं, ह्यूस्टनच्या लोकांनाही माहीत होतं. साठा वाढणार नव्हता. अशा वेळी आपण काय केलं असतं? सगळं उघडून, होतं नव्हतं ते शोधून, पेपर छापून मोकळे झालो असतो. त्यांनी मात्र काही डबे बाजूला ठेवले. आपल्या हातात आज जी उपकरणं आहेत त्यांपेक्षा चांगली पुढे येतील, हे त्यांनी धरून चाललं. शेतकरी कितीही ओढाताण झाली तरी बियाण्याचं धान्य दळायला काढत नाही, त्यातलाच प्रकार.

बरं, राखणं म्हणजे नुसतं कपाटात ठेवणं नव्हे. नमुने कोरड्या नायट्रोजनने भरलेल्या काचेच्या कपाटांत असतात. त्यांना स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि टेफ्लॉन अशा ठरावीक गोष्टींचाच स्पर्श होऊ द्यायचा. बाहेर कुणाला अभ्यासाला दिलेला तुकडा परत आला तर तो मूळ साठ्यात मिसळायचा नाही, वेगळा ठेवायचा. प्रत्येक तुकड्याची वंशावळ लिहिलेली, कुठल्या दगडातून, कधी, कुणासाठी कापला. आणि साठ्याचा एक भाग ह्यूस्टनबाहेर, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला. ऑफसाइट बॅकअप, व्हर्जन कंट्रोल, अ‍ॅक्सेस लॉग, सगळं आलं. हे काम करणाऱ्यांची नावं कुठल्या सिनेमात येत नाहीत.

२०१९ मध्ये नासाने नऊ गटांना हे राखलेले नमुने अभ्यासायला द्यायचं ठरवलं. आधी वरची नळी, ७३००२, उघडली. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये ७३००१ ची पाळी. डबा नुसता उघडला तर आतला वायू हवेत मिसळून जाणार. म्हणून युरोपियन अंतराळ संस्थेने एक खास भोक पाडायचं यंत्र बनवलं, ज्याला सगळे 'अपोलो कॅन ओपनर' म्हणायला लागले. डब्याला भोक पाडून आतला वायू आधी वेगळ्या बाटल्यांत गोळा केला. नळीचं क्ष-किरणांनी त्रिमितीय स्कॅनिंग केलं, म्हणजे माती हलवण्याआधीच आत कुठे काय आहे याचा नकाशा तयार. आणि मार्च २०२२ मध्ये माती हळूहळू बाहेर ढकलली. ठोकल्यापासून ४९ वर्षांनी.

सर्नन २०१७ मध्येच गेले होते. श्मिट तेव्हा ८६ वर्षांचे होते. आणि नळी उघडणाऱ्यांपैकी अनेकांचा ती ठोकली तेव्हा जन्मही झालेला नव्हता. १९७२ मध्ये कुणीतरी त्यांच्यासाठी, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या माणसांसाठी, काम करून ठेवलं होतं. आपल्याकडे तीन महिन्यांपुढचा विचार केला तर मॅनेजर त्याला 'व्हिजन' म्हणतो. :)

पुढची शितं

ही सवय आता रुजली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माल आला, त्यातला निदान ७० टक्के पुढच्यांसाठी राखायचं नासाने जाहीर केलं. चीनच्या चांग-ई-५ ने २०२० मध्ये १७३१ ग्रॅम चंद्रमाती आणली. तिच्यातला बेसाल्ट दोन अब्ज वर्षांचा निघाला, अपोलोच्या बेसाल्टपेक्षा पुष्कळ तरुण. जून २०२४ मध्ये चांग-ई-६ ने चंद्राच्या पलीकडच्या, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूची १९३५.३ ग्रॅम माती आणली. तिकडून माती येण्याची ही पहिलीच वेळ.

आणि मंगळ? पर्सिव्हिअरन्स रोव्हर २०२१ पासून जेझेरो विवरात दगडाचे नमुने नळ्यांत भरतंय. त्यातल्या दहा नळ्या तर त्याने एका मोकळ्या जागी नीट मांडून ठेवल्यात, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. जुलै २०२४ मध्ये त्याला एका दगडावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके दिसले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. ठिपक्यांत लोहाची अशी खनिजं आहेत जी पृथ्वीवर अनेकदा सूक्ष्मजीवांच्या उद्योगातून तयार होतात, पण जीवांशिवायही होऊ शकतात. तिथल्या उपकरणांना यापुढे सांगता येत नाही. दगडाचा तुकडा मात्र नळीत बंद आहे.

आणायला जाणारं यान अजून निघालेलं नाही. एप्रिल २०२४ मध्ये नासाने स्वतःच कबूल केलं की आधीच्या आराखड्याने खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल आणि नमुने यायला २०४० उजाडेल, आणि हे परवडणारं नाही. पैशाचा मुद्दा खोटा नाही. एवढ्या पैशात तिकडे आणखी चांगले रोव्हर पाठवा, असं म्हणणारेही वेडे नाहीत. रोव्हर चार ठिकाणी फिरतो, नळी एकाच ठिकाणची असते. पण रोव्हर कितीही हुशार असला तरी त्याच्या पोटातली यंत्रं निघण्याच्या कित्येक वर्षं आधी ठरलेली असतात. त्याने विचारायचे प्रश्नही तेव्हाच ठरतात. व्हायकिंगच्या वेळी पर्क्लोरेटचा प्रश्न कुणाच्या यादीत नव्हता. आज आपल्या यादीत काय नाही, हे आज आपल्याला कळणार नाही. म्हणून मला वाटतं, उशीर झाला तरी चालेल, त्या नळ्या इथे यायला हव्यात.

आपल्याकडेही हालचाल आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये विक्रम लँडरने चंद्रावर इंजिन पुन्हा पेटवून सुमारे ४० सेंटिमीटरची उडी मारली, आठवतंय? ती गंमत नव्हती, परत निघण्याची तालीम होती. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ ला मंजुरी दिली, २१०४.०६ कोटी रुपये. दोन रॉकेटं, अवकाशात जोडणी, चंद्रावर उतरणं, माती उचलणं आणि परत येणं. जोडणीचा सराव जानेवारी २०२५ मध्ये स्पेडेक्सने यशस्वी करून दाखवला.

ती माती येईल तेव्हा टीव्हीवर भरपूर आरडाओरडा होईल, व्हायलाही हवा. माझी मागणी छोटी आहे. कुलाब्यात एके काळी दुसऱ्यांच्या मातीवर ज्यांनी काम केलं त्यांचे वारस यावेळी आपल्या मातीवर काम करतील. त्यांनी पोटभर काम करावं, पण एक नळी सीलबंद करून, नीट क्रमांक घालून, बाजूला ठेवून द्यावी. तिचा अर्ज भरणारी मुलगी बहुधा अजून जन्मायची आहे. तिला काय विचारायचं असेल ते आपण आत्ता ठरवायची गरज नाही.

असो. रविवार संपत आला, उद्या पुन्हा आहेच आपली हमाली. चू.भू.दे.घे.